आण्णांची केमो थांबवली, आता फक्त पॅलिएटिव्ह (आजार बरा करायचा नाही, त्रास कमी करायचा) म्हणाले. घरी नेमकं करायचं काय?

रहिमतपूरकर:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आमचे आण्णा, वय ६८, एसटीत ड्रायव्हर होते. मार्चमध्ये खोकला आणि पाठदुखी म्हणून दाखवलं तर फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, चौथी स्टेज, मणक्यात पण गेलाय. जीन टेस्ट केली पण टार्गेटेड गोळ्या चालतील असं काही त्यात आलं नाही. केमोच्या चार सायकल झाल्या, शेवटच्या स्कॅनमध्ये वाढलेलंच दिसलं आणि अंगात ताकद म्हणून राहिली नाही, बाथरूमपर्यंत जायचं तर मध्ये दोनदा बसतात. परवा डॉक्टर म्हणाले आता केमो नको, पॅलिएटिव्ह करू, चिठ्ठी हातात दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली, विचारायचं होतं ते सगळं पोटातच राहिलं.

चिठ्ठीवर मॉर्फिन १० एमजी दर चार तासांनी आहे आणि पोट साफ व्हायला एक पातळ औषध. मॉर्फिन आईने कपाटात ठेवलंय, अगदीच विव्हळायला लागले तरच देते, कारण दाजींनी सांगितलं ही अफूची गोळी आहे, सवय लागते, माणूस लवकर जातो. पातळ औषध गोड लागतं म्हणून आण्णा घेतच नाहीत. रात्री दम लागला की उठून बसतात, मग सगळं घर जागं. कॅन्सर आहे हे त्यांना सांगितलेलं नाही, 'छातीत पाणी झालंय' एवढंच. त्यात काका म्हणतायत तुम्ही हात टेकले, कर्नाटकात एकजण जडीबुटी देतो तिकडे नेऊ. मी पुण्यात नोकरीला, शुक्रवारी रात्री गावी आणि रविवारी परत. कुणी यातून गेलंय का?

कृष्णाकाठ:
दादा, आधी त्या गोळ्या कपाटातून बाहेर काढा. आम्ही आत्याच्या वेळी हीच चूक केली. दुखलं की गोळी द्यायची, ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास, तोवर ती उशी दातात धरून पडलेली. नंतर एका सिस्टरने समजावलं की हे औषध घड्याळावर द्यायचं असतं, दुखणं वर यायच्या आधीच पुढची गोळी पोटात गेली पाहिजे. मग आम्ही कालनिर्णयच्या पानावर त्या त्या तारखेच्या चौकोनात ६, १०, २, ६, १० लिहायचो आणि दिली की टिक. आमच्या काकांना चष्म्याशिवाय दिसायचं नाही म्हणून स्केचपेनने. रात्री झोपताना डबल डोस द्यायचा का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आम्हाला तसं सांगितलं होतं, मग मधल्या रात्री उठवावं लागत नाही.

दमासाठी एक साधी गोष्ट, छोटा टेबल फॅन घ्या आणि थेट तोंडावर लावा, गालावर नाकावर वारा लागला पाहिजे. मला पण आधी हसू आलं होतं. समोर स्टूल, त्यावर दोन उश्या आणि त्यावर हात टाकून पुढे वाकून बसवायचं. आत्या अशीच बसल्या बसल्या झोपायची.

वॉर्डातली_ताई:
मी नर्स आहे, १४ वर्षं कॅन्सर वॉर्डात. सवय लागायचं आणि लवकर जायचं भूत डोक्यातून काढा, दुखण्यासाठी बेताने वाढवत दिलेल्या मॉर्फिनने तसं होत नाही, उलट छोट्या डोसने दम लागल्याची घाबरगुंडी कमी होते. पहिले दोन-चार दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती बहुतेकांची जाते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून ते गोड औषध रोज हवंच, दुधात किंवा पाण्यात मिसळून द्या. जास्त वेळ चालणारी गोळी पुढे लिहून दिली तर ती तोडायची किंवा कुटायची नाही. आणि गोळ्या संपायच्या चार-पाच दिवस आधी हालचाल करा, हे साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ ला कायदा सुटसुटीत केला तरी ठरावीक हॉस्पिटलांतच मिळतं.

आता महत्त्वाचं. मणक्यात आहे म्हणालात, तर पायात ताकद कमी वाटली, मुंग्या-बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पाठदुखीसाठी रेडिएशन विचारा, हाडाच्या दुखण्याला बऱ्याचदा एकच सिटिंग पुरतं. आणि छातीत पाणी खरंच असेल तर ते काढता येतं, त्यानेही दम हलका होतो.

काकांना सांगा, २०१० मध्ये बॉस्टनला अभ्यास झाला होता, फुप्फुसाच्या कॅन्सरच्याच पेशंटवर. ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम पण जोडून दिली ते बाकीच्यांपेक्षा साधारण अडीच महिने जास्त जगले. तुमच्याकडे हे उशिरा आलं खरं, पण याला हात टेकणं म्हणत नाहीत.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, साताऱ्याकडून येताना हायवेलगतच, पैसे घेत नाहीत. घरचं एक माणूस सोबत राहतं आणि त्यालाही सगळं शिकवतात. फोन करून जा.

आणि घरी ऑक्सिजन आणलात तर त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, बिडी काही नको. यावरून मी लोकांशी भांडलेय.

तात्या_मिरजकर:
ताईंचं बरोबर आहे, पण जडीबुटी एकदा बघायला काय हरकत, मनाला तरी समाधान.

कृष्णाकाठ:
तात्या, राग मानू नका, पण आम्ही गेलोय तिकडे. पहाटे तीनला रांगेत नंबर, पेशंट गाडीत खोकतोय, येऊन-जाऊन दोन दिवस मोडले. आत्याकडे मोजून महिनाभर होता, त्यातले ते दोन.

स्पष्ट_बोलतो:
सांगायचं की नाही यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या बायकोला आम्ही आठ महिने सांगितलं नाही. ज्या हॉस्पिटलात नेत होतो त्याच्या गेटवर हातभर अक्षरात 'कर्करोग' लिहिलंय आणि बाई जुनी मॅट्रिक. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण आम्ही नाटक करतोय म्हणून तीही करत राहिली. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, तुमच्याशी बोलायचं होतं पण तुम्ही लगेच टीव्ही लावायचात. लावायचो खरा. जबरदस्तीने सांगू नका, पण त्यांनी विचारलं तर उडवून लावू नका. आधी त्यांनाच विचारा, 'आण्णा, तुम्हाला काय वाटतंय काय झालंय?' आणि मग गप्प बसा, तेच अवघड आहे.

जेवणाचं पण, भरवायचा आग्रह नको. भूक नसणं हा आजाराचाच भाग असतो. मी ताट घेऊन मागे लागायचो आणि ती माझ्यासाठी दोन घास गिळून नंतर ओकायची. आइस्क्रीम मागितलं तर आइस्क्रीम द्या.

रहिमतपूरकर:
उशिरा लिहितोय, माफ करा. मॉर्फिन घड्याळावर चालू केलं, आज पाचवा दिवस. पहिले दोन दिवस नुसते पेंगत होते, आई घाबरली, पण कालपासून उठून ओट्यावर बसतात. गोड औषध दुधातून जातंय, चहातून नको म्हणाले, चहा बिघडतो. फॅनचा रोख जरा सरकला तरी ओरडतात.

रेडिएशनचं विचारलं, पुढच्या बुधवारी एकच सिटिंग ठरलंय, रजा बिनपगारी घेतली. वारज्याला फोन केला, रिपोर्ट घेऊन या म्हणाले, तर त्याच दिवशी तेही करून येतो.

विचारलं मी त्यांना. शनिवारी रात्री, लाईट गेली होती तेव्हा. म्हणाले, "तीस वर्षं गाडी चालवली, इंजिनाचा आवाज बदललेला कळतो मला." मग बिडीबद्दल बोलले, पेन्शनच्या कागदांबद्दल बोलले, आईचं नाव लागलंय का ते तीनदा विचारलं. लागलंय. काकांना आण्णांनीच सांगितलं की मी कुठे येणार नाही.

ऑक्सिजन मशीन भाड्याने परवा येतंय. देवघर त्याच खोलीत आहे, त्यामुळे देव माझ्या खोलीत हलवलेत आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. ताई, मशीन बंद असताना तरी आण्णांच्या खोलीत निरांजन लावली तर चालेल का?

वॉर्डातली_ताई:
दुसऱ्या खोलीत चालेल. आण्णांच्या खोलीत मशीन बंद असलं तरी नको, अंथरुणात कपड्यात ऑक्सिजन मुरलेला राहतो. आईंना माझं नाव सांगा, मला बोलू देत.