बॉडिसला लायक्रा नकोच

बॅलेतल्या टुटूचा (जाळीच्या घेराचा पोशाख) बॉडिस, म्हणजे वरचा अंगाला घट्ट भाग, लायक्राचा शिवा असा सल्ला कुणीतरी दिलाय: कापड ताणतं म्हणून नाचायला मोकळं. सरावाच्या लिओटार्डसाठी (अंगाला चिकटून बसणारा एकसंध पोशाख) हे अगदी खरं, पण टुटूच्या बॉडिसला तेच कापड लावलं की घोटाळा होतो. जाळीचे दहा-बारा थर खाली ओढत असतात, त्या वजनाने लायक्रा लांबतो. जोडीदाराने कमरेला धरून उचललं की कापड हाताबरोबर वर सरकतं आणि नर्तकी आत तिथेच राहते! म्हणून आतून घट्ट विणीचं सुती ड्रिल, वरून साटीन किंवा ब्रोकेड. दोन्ही थर प्रत्येक कळीला (बॉडिसच्या उभ्या तुकड्याला) कडेने टाचून घ्यायचे आणि पुढे एकच कापड समजून शिवायचे. अस्तर शेवटी सुटं लावलं तर वरचं साटीन घडी-घडीने फुगतं. श्वासापुरती ढील बाजूच्या कळ्या उरेब (विणीला तिरकं) कापून मिळते. हात वर नेताना बॉडिस उचलला जात असेल तर काखेखाली पॉवरनेटचा (ताणणाऱ्या मजबूत जाळीदार कापडाचा) छोटा तुकडा. मागे हुक अडकवायच्या आकड्यांच्या दोन-तीन रांगा ठेवा, माप बदललं तरी भागतं.

साटीन घेण्याआधी तुकड्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून वाळू द्या. कडा उमटली तर घामाचीही उमटणार. आणि कमरेवर मणी-टिकल्या नकोत, जोडीदाराचे तळवे सोलून निघतात. जाळीबद्दल एवढंच: कडक नायलॉन नेट उभी राहते, मऊ ट्यूल (बारीक जाळी) लांब रोमँटिक घेरालाच शोभते.