ब्रुसेला: नुसता मास्क पुरत नाही
कुणीतरी लिहिलंय की लॅबमध्ये मास्क आणि हातमोजे घातले की ब्रुसेलाची (गुरांकडून माणसात येणारा, ताप आणणारा जंतू) भीती नाही. अहो, लॅबमध्ये हा जंतू मुख्यतः श्वासावाटे शिरतो. 10 ते 100 जंतूही पुरतात. म्हणून संशयित प्लेट (नमुन्यातले जंतू वाढवायची बशी) उघडायची ती बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच (हवा गाळणारं सुरक्षित कपाट), आणि वास घेऊन बघणं (जुन्या लोकांची खोड!) साफ बंद. आमच्या नाशकात सिन्नर-निफाडकडचे गोठेवाले पेशंट येतात आणि फॉर्मवर नुसतं 'ताप' लिहिलेलं असतं. डॉक्टरांनी 'घरी गुरं, कच्चं दूध' एवढं खरडलं तरी टेक्निशियन सावध होतो. लॅबमध्ये जंतूशी संपर्क झालाच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन-रिफॅम्पिसिन ही दोन अँटिबायोटिक्स 3 आठवडे, आणि रक्ततपासणी 24 आठवड्यांपर्यंत. मात्र गुरांच्या आरबी51 लशीतला जंतू असेल, तर त्यावर रिफॅम्पिसिन चालत नाही.