स्कूटरची चावी कोणाकडे?

मंजिरीताई, बी-२०२ (स. ७:४८)
सुप्रभात. हे तिसऱ्यांदा लिहितेय. आज पुन्हा सी विंगमधली स्कूटर गेटमधून सुसाट बाहेर गेली. वर दोन मुलं, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. चालवणारा अकरावीत आहे. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. दूधवाल्याची सायकल थोडक्यात वाचली.

नाना, बी-५०१ (७:५१)
एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट: १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सर्व गाड्यांना बंधनकारक. ए विंगमध्ये ४ आणि सी विंगमध्ये ३ गाड्या अजून बाकी. बुकिंगची पावती ग्रुपवर टाकावी.

प्रसाद, सी-१०३ (७:५८)
ताई, माझ्या मुलाबद्दल आहे ना? मग सरळ बोला. क्लास आठचा आहे, अंतर दीड किलोमीटर. रिक्षावाले एवढं जवळचं भाडं घेत नाहीत. तो हायवेला जात नाही, आतल्या रस्त्याने जातो. अख्ख्या मुलुंडमध्ये मुलं चालवतात.

सावंत काका, ए-४०१ (८:०६)
प्रसाद, राग मानू नकोस. आतला रस्ता, बाहेरचा रस्ता असा भेद कायद्यात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ४ बघ: १८ पूर्ण झाल्याशिवाय गाडी नाही. १६ पूर्ण झालेल्यांना सूट आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची, आणि त्यालाही लायसन्स लागतं. तुझी स्कूटर १२५ सीसीची आहे.

केतन, सी-३०४ (८:०९)
५० सीसी म्हणजे जुनी लूना 😀 ती आणायची तर आधी भंगारवाल्याकडे चौकशी करावी लागेल.

प्रसाद, सी-१०३ (८:११)
ठीक आहे. पकडलं तर दंड भरू. त्यासाठी रोज ग्रुपवर चर्चा कशाला?

अनघा काकू, ए-१०२ (८:१९)
प्रसाद, ते नुसतं चलन भरून सुटायचं प्रकरण नाही, म्हणून नीट वाच. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, म्हणजे तुझं ऑफिसला जाणं वर्षभर बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. कॉलेज संपेल, नोकरी लागेल, तरी नाही.

प्रसाद, सी-१०३ (८:२३)
आणि मुलाने न सांगता चावी नेली असेल तर?

अनघा काकू, ए-१०२ (८:२७)
ते तुला सिद्ध करावं लागतं. पालकाच्या संमतीनेच गाडी नेली असं कोर्ट गृहीत धरतं. माहीत नव्हतं किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे दाखवायची जबाबदारी पालकावर. तू तर रिक्षा मिळत नाही म्हणून पाठवतो असं वर स्वतःच लिहिलंयस. तुला घाबरवायला सांगत नाही, पण हे टाळता येण्यासारखं आहे.

सावंत काका, ए-४०१ (८:३४)
विम्याचंही ऐक. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते. समोरच्याला इजा झाली तर कंपनी त्याला भरपाई देते आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात हा मार्ग स्पष्ट केला. कोणाचा पाय मोडला, हात गेला, तर ती रक्कम लाखांत जाते. घर गहाण पडतं. थर्ड पार्टी विमा भरलाय म्हणून निर्धास्त राहू नये.

नाना, बी-५०१ (८:३६)
एचएसआरपी: दुचाकी ४५० + जीएसटी = ५३१ रुपये. चारचाकी ७४५ + जीएसटी = ८७९ रुपये १० पैसे. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर जवळ ठेवून परिवहन विभागाच्या साइटवरूनच बुकिंग करावं. आपलं आरटीओ वडाळा, एमएच ०३.

गीतावहिनी, बी-३०३ (८:४१)
फॉरवर्ड आलाय: १ तारखेपासून चप्पल घालून गाडी चालवली तर १,००० दंड, लुंगीवर २,०००. खरं आहे का? आमचे हे रोज चपलेवरच भाजीला जातात.

अनघा काकू, ए-१०२ (८:४४)
खोटं आहे वहिनी. असं कलमच नाही. चप्पल, लुंगी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, यांवर दंड नाही असा खुलासा गडकरींच्या कार्यालयाने २०१९ मध्येच केला होता. तरी दर वर्षी तोच मेसेज फिरतो. पाठवू नका पुढे.

देशमुख, सचिव (८:५२)
कृपया फॉरवर्ड टाळा. 🙏 त्याहून गंभीर: काल रात्री दोन सभासदांना ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके (ॲप बसवणारी) फाइल व्हॉट्सॲपवर आली. कोणीही उघडू नका. ती मोबाइलमध्ये बसली की बँकेचे ओटीपी चोरांकडे जातात. खरं चलन तपासायचं तर महाट्रॅफिक ई-चलनची साइट उघडा, गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असलंच पाहिजे. चलनासोबत फोटो असतो. गाडी आपली नसेल किंवा नंबर चुकीचा वाचला असेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

प्रसाद, सी-१०३ (९:०४)
नियम सगळ्यांना सारखे असतील तर मंजिरीताईंकडची पांढरी गाडी रोज नो पार्किंगच्या बोर्डाखाली गेटसमोर असते. त्यावर कोणी बोलत नाही.

मंजिरीताई, बी-२०२ (९:०७)
ती दहा मिनिटं असते, सामान उतरवायला. आणि विषय मुलाच्या जिवाचा चाललाय, गाडीच्या जागेचा नाही.

सावंत काका, ए-४०१ (९:१५)
मंजिरी, प्रसादचा मुद्दा बरोबर आहे, तो मान्य कर. दुसऱ्याच्या किंवा आपल्याही गेटच्या तोंडावर गाडी उभी करायची नाही, हा नियमच आहे. महाराष्ट्रात त्याला पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलं तर १,५००. शिवाय टोइंगचे पैसे वेगळे. त्या गाडीमुळे बाहेर पडणाऱ्याला डावीकडून येणारी सायकल दिसत नाही. आज दूधवाला त्याच कोपऱ्यावर वाचला.

मंजिरीताई, बी-२०२ (९:१८)
बरं. आजपासून सामान आतल्या पोर्चमध्ये उतरवू.

नाना, बी-५०१ (९:२०)
एचएसआरपीचा विषय कोणी घेणार आहे का? सी-१०३, आपली कार यादीत आहे.

केतन, सी-३०४ (९:३१)
प्रसाददादा, मुलाला स्वतःचं वाहन हवंच असेल तर कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर बघ. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तर ती मोटार वाहनात मोजत नाहीत, म्हणून नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पण टेस्टिंग संस्थेचं मान्यतेचं प्रमाणपत्र दुकानदाराकडून हातात घे. काही दुकानात वेगाला आवर घालणाऱ्या कंट्रोलरची एक वायर काढून ‘४५ पर्यंत पळते’ असं सांगून देतात. ती वायर काढली की सूट संपली, तू परत कलम १९९-अ मध्ये.

प्रसाद, सी-१०३ (९:३६)
हे मला माहीत नव्हतं. चढावर चालते का ती?

केतन, सी-३०४ (९:३८)
एकटा असेल तर सपाटीवर ठीक. फ्लायओव्हरच्या चढाला धापा टाकते. डबल सीट अजिबात नको.

मंजिरीताई, बी-२०२ (९:४५)
आणि हेल्मेट? मागे बसणाऱ्यालाही लागतं ना? आमच्या ईशाची मैत्रीण म्हणते, मागच्याला नसलं तरी चालतं.

केतन, सी-३०४ (९:५६)
नाही चालत. मुंबईत ९ जून २०२२ पासून मागच्यावरही कारवाई सुरू आहे, आणि चलनात चालवणारा आणि मागे बसणारा असे दोन वेगळे प्रकार आहेत. केंद्राच्या कायद्यात कलम १९४-ड: १,००० दंड आणि ३ महिने लायसन्स बाद. हेल्मेट डोक्यावर असून पट्टा सुटा असला तरी ते हेल्मेट नसल्यासारखंच. फुटपाथवरची टोपीसारखी हेल्मेटं घेऊ नका. आयएसआय चिन्हासोबत आयएस ४१५१ हा आकडा बघा. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत. मग मागून हेल्मेट पुढे ढकलून बघा. कपाळावरून निघून आलं तर माप मोठं आहे, मुलांच्या बाबतीत हीच चूक होते. ‘पुढे वाढेल’ म्हणून शाळेचे बूट घ्यावेत, हेल्मेट नाही. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी फेकून द्या. आतला थर्माकोल दबला की पुन्हा धक्का शोषत नाही.

गीतावहिनी, बी-३०३ (१०:०२)
आणि लहान बाळ? माझी नात तीन वर्षांची आहे.

केतन, सी-३०४ (१०:०५)
वहिनी, ९ महिने ते ४ वर्षं: चालवणाऱ्याला बांधणारा सेफ्टी हार्नेस, तिच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत. फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम. पुढे फूटबोर्डवर उभं करू नका, अचानक ब्रेक लागला की तोंड थेट हँडलवर.

सावंत काका, ए-४०१ (१०:१७)
प्रसाद, मुलाच्या अठराव्या वाढदिवशी लर्निंग काढून दे, ६ महिने चालतं, ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा. तेव्हासुद्धा पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ची पाटी, १८ सेंटिमीटर चौरस, आणि मागे बसणार तो लायसन्सवाला शिकवणारा. मित्र नाही.

प्रसाद, सी-१०३ (१०:२९)
काका, कळलं. चावी आता माझ्या खिशात आहे. उद्यापासून ऑफिसला निघण्याआधी मीच सोडतो. ताई, सकाळच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका. ईशा त्याच क्लासला आहे ना? तिलाही घेऊन जाईन.

मंजिरीताई, बी-२०२ (१०:३२)
चालेल प्रसाद. ७:४० ला खाली उभी असेल. हेल्मेट आहे तिच्याकडे.

अनघा काकू, ए-१०२ (१०:३३)
थांबा. स्कूटरवर तिघं? कलम १२८, मागे एकच जण. ट्रिपल सीटलाही १,००० आणि ३ महिने लायसन्स बाद.

प्रसाद, सी-१०३ (१०:३५)
कार काढतो काकू.

देशमुख, सचिव (१०:३६)
मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावावा. 🙏

नाना, बी-५०१ (१०:३७)
ती कार २०१६ ची आहे. प्लेट?