घरचा ग्रुप: उताराच्या लॉनसाठी कोणतं मशीन?

दादा: मंडळी, मागच्या अंगणातलं गवत आता ढकलायच्या मशीनने होत नाही. चढावर माझी कंबर धरते, हिची मनगटं दुखतात. स्वतः पुढे चालणारं, म्हणजे सेल्फ-प्रोपेल्ड लॉनमोवर घ्यायचं ठरलंय. दोन पसंत पडलीत. एकाचं इंजिन १९० सीसी, ड्राइव्ह, म्हणजे मशीन पुढे नेणारा जोर, पुढच्या चाकांना. दुसऱ्याचं १६० सीसी, ड्राइव्ह मागच्या चाकांना. कापायची रुंदी दोन्हींची ५३ सेंटिमीटर. मला पहिलं बरं वाटतंय, ताकद जास्त.

मामा: पेट्रोल कशाला? बॅटरीचं घे. बटण दाबलं की चालू, धूर नाही, आवाज नाही.

अण्णा काका: आवाज कमी असतो म्हणा, नसतो असं नाही. धाकटीला विचारा, तिच्याकडे रोज अशी मशीनं उघडलेली असतात.

मी: दादा, सीसीची तुलना आधी बाजूला ठेव. ५३ सेंटिमीटर रुंदीला १६० सीसीचं चांगलं इंजिन पुरतं. माझ्याकडे ही मशीनं दुरुस्तीला येतात तेव्हा इंजिन पार गेलंय असं क्वचितच असतं. बिघडते ती चाकं फिरवणारी यंत्रणा. नेमकी तिच्याचसाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो आणि घेताना तिच्याकडेच कुणी बघत नाही.

आत काय असतं ते सांगते. इंजिनचा दांडा खाली येतो, त्याच्या टोकाला पातं. पात्याच्या वर एक पुली, तिच्यावरून बेल्ट निघतो तो चाकांच्या आसापाशी असलेल्या छोट्या गिअरबॉक्सवर. हँडलवरची दांडी दाबली की केबल ओढली जाते, बहुतेक मशीनांत त्याने बेल्ट ताणला जातो आणि आस फिरायला लागतो. आसाच्या दोन्ही टोकांना लहान दातेरी चक्र असतं, ते चाकाच्या आतले दाते फिरवतं. स्वस्तातल्या मशीनमध्ये चाकाचे हे दाते प्लॅस्टिकचे असतात. गवताचा चुरा आणि माती तिथे जाऊन बसते, दाते झिजतात, मग एक चाक ओढतं आणि दुसरं नुसतं घरंगळतं. मशीन एका बाजूला खेचायला लागलं की बहुधा हेच झालेलं असतं.

म्हणून दुकानात गेल्यावर चाक काढून दाखवायला सांग. आतले दाते कशाचे आहेत, त्यावर धूळ अडवणारं झाकण आहे का, चाकात बॉल बेअरिंग आहे की नुसतं प्लॅस्टिकचं बुश (साधी नळी), हे डोळ्यांनी बघ.

दादा: चाक काढून दाखवतील?

मी: विकायचं असेल तर दाखवतील. एका नटाचं काम आहे.

वहिनी: ताई, पुढची चाकं की मागची? वळवायचं मलाच असतं. फुलझाडांचे वाफे, आंब्याचं आळं, सगळीकडे फिरवावं लागतं.

मी: वहिनी, नुसती सपाट जागा आणि मध्ये खूप झाडं असती तर पुढच्या चाकांचं घ्या म्हटलं असतं. हँडल जरा खाली दाबलं की पुढची चाकं उचलली जातात, ड्राइव्ह जमिनीवरून सुटतो आणि मशीन जागच्या जागी वळतं. पण आपल्याकडे उतार आहे. चढावर वजन मागे सरकतं, त्यात गवताची पिशवीही मागेच. ती भरत जाते तशी पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी गरगरतात. मग गवत खरवडतं, टायरची नक्षी जाते, दात्यांवरही ताण येतो. मागच्या चाकांना ड्राइव्ह असेल तर तेच वजन पकड वाढवतं. तुमच्या अंगणाला मागचंच.

एक मात्र नक्की बघा. ड्राइव्ह सोडून मशीन मागे ओढून बघा. काही मशीनांत दांडी सोडल्यावरही चाकं अडून राहतात, आधी इंचभर पुढे ढकलावं लागतं, तेव्हा ती मोकळी होतात. आळ्याभोवती पुढे-मागे करताना याचाच त्रास होतो. आणि हँडलची उंची तुमच्या हिशेबाने लावून बघा, दादाच्या नको.

वहिनी: वेगाचं काय? मला ते ओढत नेईल अशी भीती वाटते.

मी: एकच वेग असलेलं घेऊच नका. वेग कमी-जास्त करता येणारं घ्या. काहींत दांडी जितकी दाबाल तितका वेग मिळतो, काहींत हँडलच आत सरकतं आणि मशीन तुमच्या चालीने चालतं. हातात घेतल्याशिवाय कोणतं जमेल ते कळत नाही. महागड्या मशीनांत बेल्ट ताणण्याऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असतं. ते फार गुळगुळीत चालतं, पण त्यावाचून तुमचं काही अडणार नाही.

मामा: माझ्या बॅटरीचं कुणीच काही बोलेना!

मी: मामा, तुमचं म्हणणं खोटं नाही. जी मशीनं ‘चालूच होत नाही’ म्हणून येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं कारण टाकीत राहिलेलं जुनं पेट्रोल. महिन्याभरात ते खराब व्हायला लागतं, त्यात इथेनॉल असेल तर ओलावाही ओढतं, आणि कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाची, बारीक भोकं चिकटून बसतात. बॅटरीत ही कटकटच नाही. तेल नाही, स्पार्क प्लग नाही.

पण बॅटरी बघताना नुसते व्होल्ट बघायचे नाहीत. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, म्हणजे वॉट-अवर मिळतात, खरा साठा तो. ५६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे २८० वॉट-अवर. तीच ७.५ ची असेल तर ४२०. चाकं फिरवायलाही त्यातूनच वीज जाते, उतार आणि दाट गवत असेल तर आणखी. डब्यावर लिहिलेला वेळ सपाट, कोरड्या, आखूड गवताचा समजायचा. दादाचं अंगण एका चार्जमध्ये होणार नाही, दुसरी बॅटरी घ्यावी लागेल, आणि ती त्याच कंपनीची लागते. तुमचं लॉन लहान आणि सपाट, तुम्हाला ती योग्यच आहे.

मामा: पटलं.

अण्णा काका: डेक, म्हणजे पात्यावरचं कवच, कशाचा घ्यावा? आमचा पत्र्याचा होता, खालून सडला.

मी: पत्र्याचा डेक दणकट असतो, पण ओलं गवत खाली चिकटून राहिलं की रंग जातो आणि गंज धरतो. ॲल्युमिनियमचा गंजत नाही, प्लॅस्टिकचाही नाही. पत्र्याचा घेतलात तर दर वेळी खरवडून कोरडा करायची सवय हवी. खरवडताना मशीन आडवं करायचं तर एअर फिल्टरची बाजू वर राहिली पाहिजे. उलट्या बाजूला पाडलं की तेल फिल्टरमध्ये शिरतं आणि नवं मशीनसुद्धा दम टाकतं. आणि त्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढायची. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन चालू होऊ शकतं. यात कुणीही हयगय करू नका, मी कळवळून सांगतेय.

वहिनी: पोरं अंगणातच असतात. दांडी सोडली की पातं लगेच थांबतं ना?

मी: हँडलवरची सुरक्षेची दांडी सोडली की पातं ३ सेकंदांच्या आत थांबायला हवं. दुकानात सुरू करून बघा, कानांनी कळतं. तरीही गवत कापताना पोरं घरातच. पात्याखाली आलेला खडा किती लांब उडेल याचा भरवसा नाही. आणि उतारावर आडवं चालायचं, वर-खाली नाही. पाय घसरला तर मशीन अंगावर येता कामा नये. ओलं गवत असेल तर त्या दिवशी राहू द्या.

दादा: मग १६० वालं, मागच्या चाकांचं. अजून काही?

मी: सुटे भाग. बेल्ट, ड्राइव्हची केबल, मागची चाकं, पातं. हे चारही आत्ता मिळतात का आणि किती दिवसांत, ते पैसे देण्याआधी विचार. ‘मिळतील हो’ असं उत्तर आलं तर पार्ट नंबर माग. नंबर सांगता येत नसेल तर ते मशीन तिथून घेऊ नको, कितीही सूट देवोत. इंजिनचा मॉडेल नंबर आणि मशीनचा मॉडेल नंबर वेगवेगळे असतात, दोन्ही पट्ट्यांचे फोटो काढून इथे टाक, मी जपून ठेवते.

तेल बहुतेक इंजिनांना पहिल्या ५ तासांनी बदलावं लागतं, नंतर साधारण ५० तासांनी किंवा हंगामात एकदा. पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐक. पातं बोथट झालं की गवत कापलं न जाता फाटतं आणि शेंडे तपकिरी दिसतात. ते दिसलं की माझ्याकडे आण, धार लावून तोल साधून देते. एका बाजूने जड राहिलेलं पातं सगळ्या मशीनला हादरवतं.

वहिनी: मागच्या फाटकातून जाईल का हो ते?

मी: ५३ ही पात्याची रुंदी आहे, चाकं धरून मशीन जास्त रुंद असतं. फाटक मोजून घ्या.

दादा: ६८ सेंटिमीटर आहे. मोजलं आत्ताच.

मी: बहुतेक जाईल. तरी दुकानात टेप घेऊन जा, बाजूला गवत फेकणारी झडप धरून मोज.