बस आली म्हणून नक्षली गेले, की नक्षली गेले म्हणून बस आली?

वाटसरू: १ जानेवारी २०२५ला गडचिरोलीच्या दुर्गम भागात गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी एसटी सुरू झाली, ऑक्टोबरात माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं टाकली. तेव्हापासून 'विकासाने नक्षलवाद संपवला' हे पालुपद चालू आहे. अहो, वांगेतुरीला २०२३मध्ये आधी पोलीस ठाणं उभं राहिलं, बस नंतर आली! फिलिपिन्समध्ये जागतिक बँकेच्या पैशातून गावविकास योजना आली, निवडलेल्या प्रत्येक प्रांतातल्या सर्वात गरीब पाव नगरपालिकांना. निवडीच्या त्या रेषेच्या जेमतेम आतल्या आणि बाहेरच्या नगरपालिका संशोधकांनी ताडून पाहिल्या. योजना मिळाली तिथे चकमकी वाढल्या होत्या, आणि त्याही बव्हंशी कामाला हात लागण्याआधीच.

धानोरेकर: मग यातून योजना निरुपयोगी कशी ठरते? आपलं काही बिघडणार नसेल तर बंडखोर कशाला धावून येतील? २०१९ला कुरखेड्यात दादापूरजवळ नक्षल्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. तिकडे निघालेले १५ जवान १ मेला जांभुळखेड्याच्या स्फोटात गेले. रस्ता झाला तर आपली सद्दी संपते, हे त्यांना तुमच्याआधी कळलं होतं.

वाटसरू: आणि ज्या कंत्राटदारांची यंत्रं शाबूत राहिली, ती कशी राहिली? नक्षल्यांना दिलेल्या खंडणीचं नाव काढायचं नाही का?

हिशेबी: अफगाणिस्तानात ५०० गावं घेऊन त्यातल्या निम्म्यांना आधी अशीच गावविकास योजना दिली, निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी. बहुतेक ठिकाणी लोकांचं सरकारबद्दलचं मत सुधारलं. पाकिस्तान सीमेलगतच्या पूर्व भागात मात्र ढिम्म फरक नाही. बंडखोर गावावर विसंबून असेल तर गाव वळवून उपयोग, सीमेपलीकडून येणाऱ्याला काय त्याचं? आपल्याकडे ठाणी, रस्ते, टॉवर, आत्मसमर्पणाचं पॅकेज सगळं एकदमच आलं. श्रेय कुणाचं, हे आता कोणीही छातीठोकपणे सांगू नये. पालकमंत्र्यांनी तर नाहीच.

रानमेवा: तुम्ही सगळे पैशातच अडकलात. मेंढा-लेखाला २०११त बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, म्हणजे बांबू गावानेच विकायचा. त्याला कुठला निधी लागला? जंगल गावाचं आहे एवढं मान्य करावं लागलं, तेही वनखात्याशी भांडून.

धानोरेकर: मेंढा आमच्याच तालुक्यातलं, कौतुक आहेच. पण दरवेळी तेच एक नाव का येतं? भामरागडच्या टोकाला, रात्री नक्षल्यांचं सशस्त्र दलम जेवायला येत असताना, बांबूचा लिलाव कोणत्या ग्रामसभेने मोकळेपणी केला असता?

रानमेवा: दलम गेलं ना आता? मग सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीबद्दल विचारा की तिथल्या ग्रामसभांना. विचारताय?