मदत हवी आहे : कोविडमध्ये वडील गेलेल्या भाच्यासाठी

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझे दाजी कोविडने गेले. भाचा तेव्हा पहिलीत, शाळा मोबाईलवर. वडिलांना शेवटचं बघताही आलं नाही त्याला.

आता सहावीत आहे. अभ्यास ठीक, पण ताईला साधा खोकला झाला तरी रात्रभर जागतो, तिला कामावर जाऊ देत नाही. बालसंगोपन योजनेचे दरमहा २२५० रुपये मिळतात, त्यांचा आधार आहेच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर ताई बोलली, त्यांनी धीर दिला. पण त्याला समोर बसवून मराठीत बोलणारं कोणी हवंय. नाशिकमध्ये लहान मुलांचे चांगले समुपदेशक कोणाला माहीत आहेत का?

आणि ज्यांच्या घरी असं घडलंय, त्यांनी मुलांशी वडिलांबद्दल बोलायला सुरुवात कशी केली? तो रडेल म्हणून ताई विषयच काढत नाही. मला ते बरोबर वाटत नाही.