तालुक्याच्या गावातला पंक बँड: प्रेमभंगाची गाणी आहेत, पण शब्द कुणाला कळत नाहीत

काळी_माती (दारव्हा)

चौघांचा बँड आहे. गिटार, बेस, ड्रम आणि गाणारा वेगळा. सहा गाणी स्वतःची, सगळी प्रेमभंगाची, वेग १८० बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आसपास. गणपती आणि शारदा मंडळांच्या स्टेजवर वीसेक मिनिटं मिळतात. पोट्टे उड्या मारतात, पण गाणं कशावर होतं असं विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. कागदावर बऱ्या वाटणाऱ्या ओळींचा वेगात चुरा होतो. यमक जुळवायला गेलं की 'बेवफा', 'तनहाई' असे सिनेमातले शब्द घुसतात.

दुसरी अडचण साउंडची. मंडळाचा डीजे सेट असतो, त्यावरच वाजवावं लागतं. माइक शिट्टी मारतो, गिटारमधून घूंऽ असा आवाज येत राहतो आणि गाणाऱ्याच्या ओठाला माइक लागला की झटका बसतो.

तिसरं, इथून पुढं कसं जायचं? जो तो म्हणतो नागपूर नाहीतर पुणं गाठा. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

---

सहा_सहा_सहा_चार

शब्दांचं सांगतो. प्रेमभंगाच्या गाण्यात गिटार, ड्रम, साउंड हे सगळं शब्द पोचवण्यासाठीच असतं.

१८० च्या वेगात चार ठोक्यांचा एक बार १.३३ सेकंदांत संपतो. तेवढ्यात ओरडून, तरीही स्पष्ट, पाच-सहा उच्चार होतात. शेवटचा अर्धा ठोका श्वासाला लागतो. तुमच्या ओळी मोजून बघा, एका बारमध्ये दहा-बारा अक्षरं कोंबलेली सापडतील. चुरा होतो तो त्यामुळे.

मराठीत याचं माप आयतं आहे. मोठा अभंग: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. चार चरण म्हणजे चार बार. नमुना देतो (साक्षगंध म्हणजे साखरपुडा):

साक्षगंध झालं
फोन बंद केला
कापूस इकला
कोणासाठी

पहिले तीन चरण गाणाऱ्याने एकट्याने म्हणायचे. चौथ्यात को, णा, सा, ठी ही अक्षरं बारच्या चार ठोक्यांवर एकेक, चौघांनी मिळून ओरडायची. उड्या मारणाऱ्या पोरांना हाच चौथा बार आधी पाठ होतो आणि त्याच्या मागून बाकीचे तीन. 'फोन बंद केला' कागदावर सहा अक्षरं आहे, पण बोलताना शेवटचा 'अ' गळतो आणि तोंडात चारच उच्चार येतात: फोन्, बंद्, के, ला. भजनासारखं 'फो-न-बं-द' असं सोडवू नका, बोलतो तसंच म्हणा. वाचलेली जागा श्वासाला मिळते.

जोडाक्षर ओळीच्या सुरुवातीला चालतं, मधे आलं की जीभ अडकते. 'उद्ध्वस्त', 'अस्वस्थ' असले शब्द काढूनच टाका. जोर 'आ', 'ओ', 'ए' वर द्या, 'ई' आणि 'ऊ' लांबवले की गळा आवळतो. म्हणून वरच्या ओळीत 'सा' ताणायचा आणि 'ठी' तोडायचा.

सिनेमाचे शब्द घुसतात ते ओळीत वस्तू नसते म्हणून. आपल्याकडचा प्रेमभंग ठरावीक ठिकाणी होतो. पोरीच्या बापाला नोकरीवाला पाहिजे असतो, वावर किती एकर आणि ओलिताचं की कोरडवाहू हे विचारलं जातं, साक्षगंधाची तारीख तिसऱ्याच माणसाकडून कळते. जिनिंगसमोरचा पानठेला, काळीपिवळीतली मधली सीट, सोयाबीनचा पडलेला भाव. एका कडव्यात अशी एकच वस्तू ठेवा. दोन आल्या की ऐकणारा पहिली विसरतो.

आणखी एक. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडच्या पीट शेलीने प्रेमाची पंक गाणी मुद्दाम अशी लिहिली की गाणं मुलावर आहे की मुलीवर हे ठरू नये. मराठीत 'गेली', 'विसरलास' आलं की ते लगेच ठरतं. 'फोन बंद केला', 'कापूस इकला' इथे क्रियापद फोनच्या आणि कापसाच्या मागे जातं, माणसाच्या नाही. मग ती ओळ मुलीही तितक्याच ताकदीने ओरडू शकतात. आपल्या स्टेजपुढे मुली मागे उभ्या असतात. त्यांना गाण्यात जागा मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता गिटार. पॉवर कॉर्डमध्ये सा आणि प एवढेच असतात, गांधार नसतो. त्यामुळे कॉर्ड आनंदी नसते आणि दुःखीही नसते, ते गळ्यातून ठरतं. ए, डी, ई या तीन कॉर्डवर कडवं चालवा आणि चौथ्या बारला एफ-शार्प घ्या, सहाव्या तारेवर दुसरा पडदा. त्यावर गाणाऱ्याने ए चाच सूर धरून ठेवायचा. एफ-शार्पला तो कोमल गांधार लागतो आणि काळजात घुसतो. सोलो घालू नका.

लांबी: सुरुवात ८ बार, कडवं १६, धृपद १६, कडवं १६, धृपद दोनदा ३२. एकूण ८८ बार, म्हणजे दोन मिनिटांना तीन सेकंद कमी. अशी सहा गाणी, मधे ट्यूनिंग आणि पाणी धरून, तुमच्या वीस मिनिटांत आरामात बसतात.

---

मिक्सरवाला_आर्वी

झटक्याचं आधी वाचा, ते मिटल्याशिवाय पुढचा कार्यक्रम घेऊ नका. यात जीव जातो.

मिक्सर एका बोर्डवर, गिटारचा अँप दुसऱ्या बोर्डवर आणि दोन्हीकडे अर्थिंग नाही, असं असलं की उपकरणाच्या बॉडीवर फिल्टरच्या कपॅसिटरमधून शंभरेक व्होल्ट येऊन बसतात. हात गिटारच्या तारेवर किंवा पाय ओल्या जमिनीवर, आणि ओठ माइकवर, म्हणजे सर्किट शरीरातून पूर्ण होतं. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं गिटारच्या तारेला लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं तर थांबा.

उपाय: स्टेजवरचं सगळं सामान आणि मिक्सर एकाच बोर्डवरून, तीन पिनांच्या एक्स्टेन्शनवर. आवाज जातो म्हणून अर्थची पिन कुणी तोडत असेल तर त्याला तोडू देऊ नका. मंडपात अर्थ नसेल तर दीड मीटरचा जीआय रॉड स्टेजमागे ठोका. पावसाळ्यात काळी माती ओली असते, पण मार्च-एप्रिलात भेगा पडतात आणि रॉडला माती धरत नाही, तेव्हा मिठाचं पाणी ओतावं लागतं. एकट्या रॉडने फ्यूज उडेल इतका करंट जात नाही, म्हणून बोर्डच्या आधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

मंडपाला बहुतेक थ्री-फेज असतं. न्यूट्रल ढिला झाला तर एका फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज चढतं आणि मिक्सर, पेडलचा अडॅप्टर दोन्ही जळतात. सामान जोडण्याआधी सॉकेट मोजा. १९० च्या खाली किंवा २५० च्या वर असेल तर जोडू नका. लायटिंग चालू केल्यावर पुन्हा मोजा.

घूं आवाज ५० हर्ट्झचा. गिटारची केबल लाइटिंगच्या वायरला समांतर जाऊ देऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. सिंगल-कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप असेल तर जागेवर थोडं वळून बघा, एका दिशेला आवाज पडतो.

शब्दांसाठी साउंडवाल्याला या गोष्टी सांगा. माइकचा इको पूर्ण बंद. डीजे सेटवर तो सवयीने चालू असतो आणि १८० च्या वेगात मागचं अक्षर पुढच्यावर चढतं. गाणाऱ्याच्या चॅनलला १२० हर्ट्झखाली लो-कट (खालचे सूर कापणं). गिटारवाल्याने गेन (डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) निम्म्यावर आणावा, कारण डिस्टॉर्शन जास्त झालं की व्यंजनं ओळखू येतात तीच जागा भरून जाते. मिक्सरवर गिटारला २ ते ३ किलोहर्ट्झमध्ये ३-४ डीबी कमी करा. बास डीजेच्या मानाने बराच खाली.

शिट्टीला तीन कारणं असतात: स्पीकर गाणाऱ्याच्या मागे किंवा बरोबरीला, माइकची जाळी मुठीत झाकलेली, मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) बाजूला. स्पीकर गाणाऱ्याच्या दोन मीटर पुढे, माइक दांड्याला धरायचा, ओठापासून दोन बोटं, आणि मॉनिटर माइकच्या शेपटीच्या समोर.

साउंड चेकला गाणं कधीच न ऐकलेला माणूस मैदानाच्या मागे कागद-पेन देऊन उभा करा. त्याला जे लिहिता येईल तेवढंच लोकांना ऐकू येणार आहे.

---

काळी_माती (दारव्हा)

लय उपयोगी. मल्टिमीटर आजच घेतो. दोन गोष्टी राहिल्या. ड्रमवाला धुमालचा (मिरवणुकीतल्या वादक पथकाचा) आहे, हात जबर, पण किक (पायानं वाजणारा बासड्रम) मागे पडते. आणि आमच्या एका गाण्यात खऱ्या मुलीचं नाव आहे. धृपद त्याच्यावरच उभं आहे. ठेवावं का?

---

धुमाल_ते_किट

भाऊ, धुमालवाला भेटला हे चांगलंच झालं. रात्रभर संदलमधे वाजवणाऱ्याचा दम किटवर शिकलेल्याले लवकर येत नाही. पण उभ्यानं वाजवणाऱ्याचा पाय रिकामा असते, अडचण तिथंच हाय.

मेट्रोनोम ११० वर लावा. किक पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर, स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्यावर, हायहॅट आठचा, म्हंजे बारात आठ फटके. न थांबता चार मिनिटं. एकही किक घसरली नाही तरच ५ नं वाढवा, नाही तर तिथंच राहा. टाच वर ठेवून मांडीतून मारायचं, घोट्यातून मारलं तर पोटरी धरते. १८० वर आठचा हायहॅट म्हणजे सेकंदाले सहा फटके. मनगट थकलं तर हायहॅट चारचा करा, गाण्याचं काही बिघडत नाही.

धुमालवाल्याची दुसरी सवय, रिकामी जागा दिसली की भरते. वर भाऊनं सांगतलेल्या चौथ्या बारात फिल (मधेच भरलेले जास्तीचे फटके) नाही पाह्यजे. स्नेअरचे चार सरळ फटके, बस. फिल मारला तर 'कोणासाठी' कोणालेच आयकू येणार नाही.

किटखाली जाड दरी टाका, नाही तर तिसऱ्या गाण्यापर्यंत बासड्रम हातभर पुढं सरकते. आणि उन्हाळ्यात किट गाडीतून उतरवल्याबरोबर ट्यून नका करू. वीस मिनिटं सावलीत ठेवा, मंग चाव्या फिरवा. गिटारलेही तेच लागू.

---

मंडईकर (वडसा)

पुढं जाण्याबद्दल. आपल्याकडे हातात पैसा आणि वेळ येतो तो सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस घरात येऊ लागल्यावर. म्हणून दिवाळी ते फेब्रुवारी हाच तुमचा हंगाम. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) याच काळात मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात, नाटकं रात्रभर चालतात. तिथला प्रेक्षक तिकीट काढून शब्द ऐकायला बसणारा आहे. मंडईच्या आयोजकांकडे दंडार (तिथलं लोकनाट्य) किंवा नाटकाच्या आधीची पंधरा मिनिटं मागा. मानधन आधी बोलून घ्या, डिझेलचा खर्च वेगळा.

जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजांची स्नेहसंमेलनं असतात. तुमच्यासाठी दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, नेर हा फेरा पुरेसा आहे. त्याच गावात दोन महिन्यांत परत जा. पहिल्यांदा लोक चेहरे ओळखतात, गाणं दुसऱ्यांदा म्हणतात. नागपूरला अनोळखी म्हणून वाजवण्यापेक्षा यवतमाळला शंभर जणांनी धृपद म्हणणं जास्त कामाचं.

लाऊडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून लेखी घ्या, आयोजकाच्या नावावर असली तरी प्रत जवळ ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, सण-उत्सवापुरती, रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. तुम्ही ७ ते ९ मधली वेळ मागा.

रेकॉर्डिंग दोनच गाण्यांचं करा. गोदामात, भिंतींना गोधड्या लावून. ड्रम आधी: एक माइक डोक्यावर मीटरभर उंच, एक किकसमोर. मग बेस, गिटार दोनदा, शेवटी गळा. लेव्हल उणे १० ते उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. वर ज्या बझकॉक्सचं नाव आलं, त्यांनी जानेवारी १९७७ मध्ये पहिली रेकॉर्ड उसने पैसे घेऊन, स्वतःच्या लेबलवर, हजार प्रती छापून काढली होती. तुम्हाला छापाईचाही खर्च नाही. अपलोड करताना पूर्ण शब्द देवनागरीत खाली टाका, लोक आठवलेल्या अर्ध्या ओळीवरूनच गाणं शोधतात. सिनेमाची चाल कुठेही नको, कॉपीराइटचा दावा येतो आणि जाहिरातीचं उत्पन्न दुसऱ्याकडे जातं.

आणि प्रत्येक गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती टक्के, हे एका कागदावर चौघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने पक्का आहे, पण गीतकार कोण हे तुमच्याच कागदावरून ठरणार.

---

सहा_सहा_सहा_चार

नावाचं: काढा. तालुक्याच्या गावात नुसतं नाव पुरतं, आडनावाची गरज पडत नाही. गाणं जितकं चालेल तितका त्रास तिला, तिच्या सासरी. तिने हे मागितलेलं नाही. गावाचं नाव, गल्ली, गाडीचा नंबर, जात, ओळख पटेल असं काहीही नको. राग काढायचा तर हुंड्यावर काढा, एकरांच्या हिशेबावर काढा, तिच्यावर नको.

नाव काढलं की धृपदात दोन-तीन अक्षरांची जागा रिकामी होते. तिथे 'सजनी', 'राणी' भरू नका. वस्तू टाका: 'छत्री', 'डबा', 'चिठ्ठी', गाण्यात जी खरंच आहे ती. अक्षरं कमी पडली तर ओळ ताणू नका, तेवढा ठोका गिटारवर सोडा.